अर्ध्या तासाचे स्वार

मराठी माणसाच्या डोक्यात घोडा शिरतो तो चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकातून, आणि प्रत्यक्ष भेटतो तो माथेरानला नाहीतर महाबळेश्वरला. पुस्तकातला घोडा चौखूर उधळलेला असतो. माथेरानचा साधी दुडकी चालही चालत नाही, कारण लगाम धरून पुढे एक माणूस निघालेला असतो आणि वर बसलेले आपले मेहुणे "सावकाश, सावकाश" म्हणत असतात. आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांत असा एखादा फोटो सापडेल. डोक्यावर टोपी, डोळ्यांना गॉगल, रिकिबीत धड न बसलेला पाय आणि चेहऱ्यावर थेट सरसेनापतीचा आव! त्या फोटोत घोड्याच्या चेहऱ्याकडे मात्र कोणी बघत नाही.

या लेखात मला त्या घोड्याकडे आणि त्याचा लगाम धरणाऱ्या माणसाकडे बघायचे आहे. प्रश्न साधा आहे. निव्वळ मौजेसाठी, पैसे मोजून, दुसऱ्याच्या घोड्यावर बसणे योग्य आहे का? हा प्रश्न मला कोणा तत्त्ववेत्त्याने घातलेला नाही. तो माझ्या बारा वर्षांच्या मुलीने घातला, आणि "अगं, सगळेच बसतात" हे आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांचे उत्तर तिला पुरले नाही.

तिला ते न पुरण्याचे कारण कतारमध्ये आहे. इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांचे घोड्याशी नाते वेगळ्याच टोकाने सुरू होते. एज्युकेशन सिटीकडे जाताना घोड्याच्या नालेच्या आकाराची ती भव्य इमारत आपण सर्वांनीच पाहिली आहे. अल शकब ही संस्था शेख हमद बिन खलिफा अल थानी यांनी १९९२ मध्ये अरबी घोड्यांची पैदास जपण्यासाठी सुरू केली आणि २००४ पासून ती कतार फाउंडेशनचा भाग आहे. १८९३ साली शेख जासिम यांच्या माणसांनी तुर्की फौजेशी जी लढाई दिली, तिच्या आठवणीशी ही जागा जोडलेली आहे. म्हणजे इथेही घोडा इतिहासातूनच येतो, पण आल्यावर त्याला वातानुकूलित तबेला मिळतो, पोहायला तलाव मिळतो, दिमतीला पशुवैद्य मिळतात. सूक वाकिफमध्ये पारंपरिक पोशाखातले घोडेस्वार पोलीस फिरताना दिसले, की आपली मुले अजूनही आइस्क्रीम विसरून बघत राहतात.

माझी मुलगी दोह्यातल्या एका शाळेत घोडेस्वारी शिकते. पहिले काही आठवडे तिला घोड्यावर बसूच दिले नाही. खरारा करायचा, खूर उचलून त्यात अडकलेले खडे काढायचे, पाठीवर खोगीर घासून कुठे जखम झाली आहे का ते हाताने चाचपायचे, आणि मग घरी जायचे. नाव नोंदवताना तिचे वजन विचारून घेतले. "मीही शिकेन म्हणतो" असे मी म्हणताच तिथल्या बाईंनी माझेही वजन विचारले, आकडा ऐकून अत्यंत नम्रपणे हसल्या आणि मोठा घोडा मोकळा होईपर्यंत थांबायला सांगितले. तो अजून मोकळा झालेला नाही.

अशी तयार झालेली मुलगी घेऊन आम्ही डिसेंबरच्या सुट्टीत माथेरानला गेलो.

माथेरानची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल, तरी मुलांसाठी थोडक्यात सांगतो. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढले आणि पुढे तिथे थंड हवेचे ठिकाण वसले. पीरभॉय घराण्याने पदरचे पैसे घालून बांधलेली नेरळची छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. मोटारी मात्र या गावात कधी शिरल्या नाहीत. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केले आणि त्या जुन्या रिवाजाला कायद्याचे बळ मिळाले. आपली गाडी दस्तुरी नाक्यावर ठेवायची आणि तिथून बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर पायी, छोट्या गाडीने, हातरिक्षाने किंवा घोड्याने जायचे, अशी ही व्यवस्था. माणसेच नव्हेत, तर सामानसुमानही घोड्यांच्या पाठीवरून वर जाते. परवाना असलेले घोडे साडेचारशेच्या आसपास आहेत. त्यांच्या मालकांना तिथे अश्वपाल म्हणतात. मला हा शब्द 'घोडेवाला'पेक्षा आवडतो, कारण त्यात पाळणे आहे.

आईला आम्ही अमन लॉज स्टेशनवरून छोट्या गाडीत बसवून दिले. आमच्या वाट्याला एक पांढरा घोडा आणि विशीतला एक मुलगा आला. कन्येने आधी घोड्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि चौकशी सुरू केली. आज किती फेऱ्या झाल्या? पाणी कधी पाजले? तो मुलगा बिचारा गोंधळला, पण त्याने न रागावता सांगितले. तीन फेऱ्या झाल्या होत्या, पाणी सकाळी पाजले होते. "मग मी चालत येते," ही म्हणाली. त्यावर तो पटकन म्हणाला, "ताई, तू नाय बसलीस तर मी काय याला बसवून खायला घालू?"

आमच्यातली मोठी माणसे हसली. वाक्यच तसे होते. मुलगी हसली नाही. ती चालत निघाली आणि तो मुलगा दुसरे गिऱ्हाईक बघायला वळला.

त्या दोघांपैकी बरोबर कोण, हे मला सुट्टी संपेपर्यंत ठरवता आले नाही. दोघांच्याही बाजूने बरेच काही म्हणता येते. मुलीची बाजू जुनी आणि भक्कम आहे. ज्याला वेदना होते, त्याच्या वेदनेचा हिशेब आपण धरला पाहिजे, मग त्याला बोलता येवो की न येवो. इंग्लंडात बेंथॅमने अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुद्दा मांडला. आपल्याकडे त्याच्याही आधी नाथमहाराजांची गोष्ट सांगितली जात होती. काशीहून रामेश्वराला न्यायची कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिती केली. आणि आळंदीच्या पालखीबरोबर अंकलीच्या शितोळे सरकारांचे जे दोन अश्व चालतात, त्यांतल्या माउलींच्या अश्वावर कोणी बसत नाही. रिंगणात तो रिकाम्या पाठीने धावतो आणि हजारो माणसे त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. न बसता घोड्याचा मान राखण्याची रीत आपल्याला नवी नाही.

पण माउलींच्या अश्वाला रोजची चंदी-वैरण शितोळे सरकारांकडून मिळते. माथेरानच्या पांढऱ्या घोड्याला ती तुमच्याआमच्याकडून मिळते, आणि आपण बसलो तरच मिळते. त्या मुलाचे बोलणे निव्वळ गिऱ्हाईक पटवण्यासाठी होते असे म्हणून सोडून देता येत नाही. घोडा राखणे हा रोजचा खर्च आहे. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंद असते, गिऱ्हाईक जवळजवळ नसते, पण घोड्याचे पोट बंद नसते. २०२० च्या टाळेबंदीत तर महिनोन्महिने एकही पर्यटक नव्हता. 'घोड्यांना मोकळे सोडून द्या' असे म्हणणाऱ्यांनी ते कुठे सोडायचे हे सांगितले पाहिजे. तट्टू हे माणसाच्या दाराशी जन्मलेले जनावर आहे. त्याला परत जायला जंगल नाही. त्याचे उत्पन्न थांबले, की त्याला सुट्टी मिळत नाही. ते विकले जाते.

मुंबईच्या व्हिक्टोरियांचे हेच झाले. उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मौजेच्या घोडागाड्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करायला सांगितल्या. कच्च्या, कोंदट तबेल्यांत दिवस काढून डांबरी रस्त्यांवर धावणाऱ्या त्या घोड्यांची अवस्था पाहता निकालावर टीका करावीशी वाटत नाही. २०२१ मध्ये त्याच घाटाच्या पण विजेवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या आणि वर्तमानपत्रांत त्यांचे छान फोटो छापून आले. फोटोत घोडे अर्थातच नव्हते. ते कुठे गेले, हा प्रश्न त्या दिवशी कोणाच्या कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

माझा धंदा संगणकाचा. आमच्या क्षेत्रात कुठलाही प्रश्न समोर आला, की त्या जागी कोणते यंत्र बसवता येईल हाच विचार प्रथम सुचतो, आणि कधीकधी तो खरोखर योग्यही असतो. कतारमध्येच त्याचे उत्तम उदाहरण आहे. उंटांच्या शर्यतींत एके काळी पाकिस्तान, बांगलादेश, सुदानमधून आणलेली लहान मुले उंटावर बसवली जात. कतारने २००५ मध्ये कायद्याने ते बंद केले आणि त्यांच्या जागी छोटे यंत्रमानव बसवले. शहानियाला जाऊन पाहा, उंटांच्या शेजारून मालकांच्या गाड्या धावत असतात आणि गाडीतूनच रिमोटने चाबूक हलतो. मुलांपुरता प्रश्न सुटला, आणि तो सुटणे कोणत्याही शर्यतीपेक्षा मोठे होते. उंट मात्र पळतोच आहे आणि चाबूकही आहे.

माथेरानलाही आता असेच काही घडते आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये तिथे प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा आल्या. मग ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढत नेणे हे मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, रिक्षा ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करा, ई-रिक्षा त्यांच्याच हाती द्या, आणि निधी नाही ही सबब सांगू नका, असा त्याचा आशय. कोणाही विचारी माणसाला हे पटेल. ज्याने काल रिक्षा ओढली, तो उद्या ती चालवील. पण हाच न्याय घोड्याला लावायला गेले, की गाडे अडते. घोड्याला ई-रिक्षाचा परवाना मिळत नाही. अश्वपालाला एक वेळ मिळेल, पण मग घोडा त्याला हवाच कशाला?

अश्वपालांचा ई-रिक्षाला विरोध आहे तो यामुळे. त्यांचे सगळेच वागणे मी गोड मानून घेत नाही. दस्तुरी नाक्यावर पर्यटकांना दुसरी सोयच नाही असे भासवून घोडे गळ्यात मारले जातात, या तक्रारीवरून मार्च २०२५ मध्ये गावातल्याच लोकांनी माथेरान बंद ठेवले होते. शाळेची दप्तरे घेऊन मैलोन्मैल चालणारी मुले, दवाखाना गाठू न शकणारी म्हातारी माणसे यांनी घोड्यांच्या धंद्यासाठी हाल का सोसायचे? ई-रिक्षा हवीच. मात्र ती आल्यावर घोड्यांचे काय, हा प्रश्न ती येण्याआधी विचारायचा आहे.

मग बसायचे की नाही? मला असे वाटते, की आपण अर्ध्या तासाचा विचार करतो म्हणून घोटाळा होतो. मराठ्यांच्या फौजेत दोन तऱ्हेचे स्वार असत. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन यायचा आणि बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा. शिलेदाराने घोडा राखला नाही, तर त्याची चाकरी जायची. बारगिराच्या घोड्याचा हिशेब सरकारी पागेत राहायचा. घोड्याच्या चोवीस तासांना आणि बारा महिन्यांना कोणीतरी बांधलेला होता. पर्यटक हा तिसराच स्वार आहे. तो घोड्याच्या दिवसातला अर्धा तास विकत घेतो आणि उरलेल्या साडेतेवीस तासांशी त्याचा संबंध नसतो. क्रूरता असलीच तर ती वर बसण्यात कमी आणि या तुटलेल्या संबंधात जास्त आहे. ठणठणीत घोड्याला बेताच्या वजनाचा स्वार घेऊन चालायला त्रास होत नाही. त्रास होतो तो खोगिराखाली चिघळलेल्या जखमेचा, झिजलेल्या नालेचा, न मिळालेल्या विश्रांतीचा. हे सगळे आपल्या अर्ध्या तासाच्या बाहेर घडते, आणि त्याचे पैसे त्या अर्ध्या तासाच्या भाड्यातूनच यायचे असतात.

म्हणून मला आपल्या घासाघिशीची भीती वाटते. आपण मंडळी दोह्यातल्या मॉलमध्ये छापील किंमत निमूट मोजतो आणि दस्तुरी नाक्यावर पन्नास रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालतो. सुटीवर आलेल्या माणसाला त्यात एक पराक्रम वाटतो. पण ते पन्नास रुपये जातात कुठून? मालक आपला हिस्सा सोडत नाही. लगाम धरून चालणारा मुलगा पगारी असेल, तर त्याच्या पोटाला थोडी झळ पोचते, पण तो भांडू शकतो, नोकरी सोडू शकतो. या साखळीत ज्याला भांडता येत नाही असा एकच प्राणी आहे, आणि त्याची चंदी कमी केलेली कोणाला दिसत नाही.

उलट टोकाचीही एक चूक आहे आणि ती आपल्यासारख्या परदेशस्थांना फार सोपी आहे. अल शकबचा तबेला पाहिलेल्या डोळ्यांनी माथेरानचा तबेला पाहायचा आणि नाक मुरडायचे. अल शकबच्या मागे एका श्रीमंत देशाची तिजोरी आहे. माथेरानच्या पत्र्याच्या शेडमागे एका कुटुंबाची उधारी आहे. तिथे जाऊन भूतदयेवर व्याख्यान देणे म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून पुण्य करणे. तरीही, गरिबाचा घोडा आहे म्हणून त्याची जखम कमी दुखते असे नाही. ही दोन्ही वाक्ये एकदमच खरी आहेत.

नियम करण्यासाठी श्रीमंतीच लागते असेही नाही. २००३-०४ मध्ये मी मँचेस्टरला एम.एस्सी. करत असताना मित्रांबरोबर ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर गेलो होतो. तिथे लहान मुलांना गाढवांवरून रपेट मारायला मिळते. त्या गाढवांसाठी ब्लॅकपूलच्या नगरपालिकेने १९४२ साली, म्हणजे ऐन महायुद्धाच्या टंचाईत, नियम केले. कामाच्या वेळा ठरवल्या, दुपारी तासभर जेवणाची सुट्टी दिली आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण रजा. रजेचा वार शुक्रवार! आपल्या कतारी गाढवांना, म्हणजे आम्हा कन्सल्टंट लोकांना, मिळते तीच.

भारतातही नियम नाहीत असे नव्हे. ओझी वाहणाऱ्या जनावरांबाबत केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत. तट्टाच्या पाठीवर ७० किलोपेक्षा जास्त ओझे नको, दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांपेक्षा जास्त नको, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन कामच नको. माणूस हा ओझे की स्वार, हा वकिली मुद्दा क्षणभर बाजूला ठेवू. घोड्याच्या पाठीला त्यातला फरक कळत नाही. कतारमध्ये उघड्यावर काम करणाऱ्या कामगारांना १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन सुट्टी देण्याचा सध्याचा नियम २०२१ चा आहे. उन्हात राबणाऱ्याला दुपारची सावली मिळावी हे लिहून ठेवावे लागते, मग राबणारा दोन पायांचा असो की चार. आणि लिहिल्यावर ते पाळले जाते की नाही हे बघावेही लागते. दस्तुरी नाक्यावर माझे वजन मला कोणी विचारले नाही. घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत भार असावा, असे जाणकार सांगतात. तट्टू तीनशे किलोंचे धरले तर साठ किलो झाले. मंडळाच्या गेल्या दिवाळीच्या फराळानंतर आपल्यापैकी किती पुरुष साठ किलोंत बसतील?

माझे मत असे, की माथेरानचा घोडा टिकावा, पण थोडा कमी चालावा आणि जास्त कमवावा. भारी माणसांनी पायी किंवा ई-रिक्षाने जावे, घोडा मुलांसाठी आणि हलक्या माणसांसाठी असावा. माथेरानला येणाऱ्या प्रत्येकाकडून नगरपरिषद प्रवेशकर घेतेच. त्यात थोडी भर घालून पावसाळ्यातल्या चंदी-वैरणीसाठी, पशुवैद्यासाठी आणि म्हाताऱ्या घोड्यांसाठी वेगळा निधी करता येईल. न बसणाऱ्यानेही तो द्यावा. मोटारींच्या आवाजाशिवाय आणि धुराशिवाय जी झाडी आपण तिथे अनुभवतो, ती इतकी वर्षे या जनावरांच्या पाठीवर टिकली आहे. ते ऋण चालत जाणाऱ्यावरही आहे.

मुलीला हे पूर्ण पटलेले नाही. निधीची कल्पना तिला आवडली, पण तिचे म्हणणे असे, की एवढे सगळे केले तरी घोड्याला कोणी विचारलेले नसतेच. मी म्हटले, तुझ्या शाळेतल्या घोड्यालाही कोणी विचारले नव्हते. त्यावर ती म्हणाली, की तो नको असेल तेव्हा कान मागे टाकतो आणि मग बाई त्या दिवशी त्याच्यावर कोणालाच बसू देत नाहीत. माथेरानला असा कान मागे टाकलेल्या घोड्याचा दिवसाचा रोजगार कोण भरून देणार, यावर आमचे बोलणे सध्या अडले आहे.